गुरुवारी फॉक विकला, शनिवारी जेम्स घेतला: इंडियानापोलिस कोल्ट्सचा एप्रिल १९९९

१५ एप्रिल १९९९, गुरुवार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या वार्षिक ड्राफ्टला दोनच दिवस उरले होते आणि इंडियानापोलिस कोल्ट्सने आपला सर्वांत भरवशाचा खेळाडू मार्शल फॉक सेंट लुईस रॅम्सला देऊन टाकला. बदल्यात काय मिळालं? त्याच ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड आणि पाचव्या फेरीची एक. नुकत्याच संपलेल्या हंगामात फॉकने धावून १,३१९ यार्ड काढले होते, ८६ पास झेलून आणखी ९०८. दोन्ही मिळून २,२२७, आणि त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये त्याच्यापुढे कोणी नव्हतं. इतका खेळाडू इतक्या स्वस्तात जातो तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते त्यासाठीच. त्या आठवड्याअखेरीस फॉक, एजरिन जेम्स आणि रिकी विल्यम्स हे तीन रनिंग बॅक तीन वेगवेगळ्या भावांत हातोहात गेले, आणि तिघांचे निकाल आज आपल्यासमोर आहेत.

आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर असेल तर ड्राफ्ट थोडा वेगळा समजून घ्यावा लागतो. इथे बोली लागत नाही. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंना संघ पाळीपाळीने निवडतात, आणि मागच्या हंगामात जो सर्वांत तळाला होता त्याची पाळी आधी. ही पाळी म्हणजेच ‘पिक’. ती स्वतः एक चलन आहे. ती विकता येते, पुढच्या वर्षीचीसुद्धा आजच देऊन टाकता येते. रनिंग बॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढणारा गडी. त्याची इतरही कामं आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

कोल्ट्सची अवस्था

१९९८चा हंगाम कोल्ट्सने ३ विजय आणि १३ पराभव असा संपवला होता. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर त्यांनी पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा गडी, घेतला होता. पोरगा हुशार, मेहनती, पण पहिल्या वर्षी त्याने २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात टाकला. नवख्या खेळाडूंसाठी तो नकोसा विक्रमच होता. बचाव तर उघडाच पडलेला. सोळा सामन्यांत ४४४ गुण दिले. म्हणजे कागदावर पाहिलं तर संघाची पहिली गरज बचावाची होती आणि दुसरी मॅनिंगला सांभाळण्याची. रनिंग बॅक ही एकमेव जागा होती जिथे काहीच दुखत नव्हतं.

दुखणं निघालं ते पैशाचं. फॉक १९९४ साली ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगो स्टेटमधून आला होता. पाच हंगामांत त्याने धावून ५,३२० यार्ड जमवले, चार वेळा हजाराचा टप्पा ओलांडला, आणि तेही बहुतेक वेळा सुमार संघाकडून खेळताना. त्याला नवा करार हवा होता, आणि तो मिळेपर्यंत सरावाला न येण्याची शक्यता उघड होती. माझ्या मते त्याची मागणी रास्त होती. रनिंग बॅकचं शरीर तिशीच्या आत झिजतं; सव्वीस वर्षांच्या गड्याने आपला मोबदला आज नाही मागायचा तर कधी?

कोल्ट्सचा सगळा फुटबॉल कारभार बिल पोलियन यांच्या हाती होता. बफेलो आणि कॅरोलिना या दोन संघांची उभारणी केलेला हा माणूस. दुसऱ्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मॅनिंगच्या आसपास धुसफूस नको, सराव शिबिरात मुख्य गडी गैरहजर नको, ही त्यांची भूमिका होती. ती समजण्यासारखी आहे. तरुण क्वार्टरबॅक सवयीने घडतो. रोज त्याच माणसाच्या हाती चेंडू दिला की पावलांचं गणित अंगात मुरतं.

कोणते मार्ग खुले होते

त्या आठवड्यात पोलियन यांच्या जागी बसून पाहिलं तर चार वाटा दिसतात. फॉकला हवे ते पैसे देऊन ठेवायचं आणि चौथ्या क्रमांकाची आपली निवड बचावासाठी वापरायची. जॉर्जियाचा कॉर्नरबॅक चॅम्प बेली त्या ड्राफ्टमध्ये होता आणि पुढे तो त्या पिढीतल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक ठरला. दुसरी वाट, फॉकला विकून टेक्सासचा रिकी विल्यम्स घ्यायचा. तिसरी, फॉकला विकून मायामी विद्यापीठाचा एजरिन जेम्स. आणि चौथी वाट मला सर्वांत जास्त खुणावते: फॉकला ठेवायचं आणि चौथा क्रमांक न्यू ऑर्लिन्स सेंट्सला विकून टाकायचा.

सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी ड्राफ्टच्या कितीतरी आधी जाहीर करून टाकलं होतं की रिकी विल्यम्ससाठी आपल्या सगळ्या निवडी द्यायला ते तयार आहेत. गिऱ्हाईकच दुकानात शिरण्याआधी पाकीट उघडून दाखवत असेल तर दुकानदाराने थांबायला हवं. तिसऱ्या क्रमांकावर बसलेल्या सिनसिनाटीलाही सेंट्सकडून भरघोस देकार गेला होता. त्यांनी तो नाकारून अकिली स्मिथ हा क्वार्टरबॅक घेतला, आणि तो निर्णय त्यांना पुढे फार महागात पडला.

या चार वाटांपैकी दोन गुरुवारीच बंद झाल्या. फॉकला विकल्यावर कोल्ट्सकडे रनिंग बॅकच उरला नाही, म्हणून शनिवारी चौथ्या क्रमांकावर रनिंग बॅक घेणं भाग पडलं. ना बचावपटू घेता येणार, ना खाली सरकून सेंट्सच्या निवडींचा ढीग गोळा करता येणार. या प्रकरणातली खरी मेख मला इथे दिसते. कोल्ट्स चुकले की बरोबर होते हा वाद बहुतेक लोक ‘जेम्स की विल्यम्स’ असा घालतात. प्रत्यक्षात मोठा निर्णय त्याच्या दोन दिवस आधी, एका वेगळ्याच कागदावर सही होऊन गेला होता.

फॉकचा भाव

भाव किती पडला ते मोजायला एक माप आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना, डॅलस काउबॉइजने प्रत्येक निवडीला गुण देणारा एक तक्ता बनवला आणि पाहता पाहता सगळी लीग तोच वापरू लागली. त्यात पहिल्या निवडीला ३,००० गुण, चौथीला १,८००, पाचवीला १,७००, बाराव्याला १,२००. कोल्ट्सला फॉकच्या बदल्यात ३६वी आणि १३८वी निवड मिळाली. ३६व्या निवडीचे ५४० गुण. १३८वीचे चाळिसाच्याही आत. बेरीज ५८०च्या खालीच. म्हणजे कोल्ट्सच्या स्वतःच्या चौथ्या निवडीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भावात लीगचा सर्वोत्तम बहुगुणी रनिंग बॅक गेला.

भाव असा का पडला? एक तर ज्याला फॉक हवा त्याला नवा, मोठा करारही द्यावा लागणार होता, म्हणजे किंमत दोनदा मोजायची. दुसरं, तो नाराज आहे हे साऱ्या लीगला ठाऊक होतं. आणि ड्राफ्ट तोंडावर आलेला. अडलेल्याचा माल बाजार नेहमीच पाडून मागतो.

‘पैसे वाचवायला विकला’ हा समज मात्र मला पटत नाही, कारण आकडे तसं सांगत नाहीत. रॅम्सने फॉकला सात वर्षांचा, सुमारे साडेचार कोटी डॉलरचा करार दिला. कोल्ट्सने जेम्सला दिला सात वर्षांचा, ४.९ कोटींचा. आज नवख्या खेळाडूंचं मानधन ठरलेल्या चौकटीत असतं, म्हणून ‘तरुण म्हणजे स्वस्त’ हा हिशोब चालतो. ती चौकट आली २०११ साली. १९९९मध्ये, जेव्हा अख्ख्या संघाच्या मानधनाची वार्षिक मर्यादा ५.७ कोटींच्या आसपास होती, तेव्हा चौथ्या क्रमांकाचा नवखा खेळाडू सिद्ध झालेल्या खेळाडूइतकाच महाग पडत असे. कोल्ट्सने विकत घेतली ती वर्षं. जेम्स तेव्हा अवघा २० वर्षांचा होता, आणि फॉकने त्यांच्याकडे १,३०० हून अधिक वेळा चेंडू घेऊन मार खाल्लेला होता.

जेम्स का, विल्यम्स का नाही

इथे मात्र पोलियन यांना पैकीच्या पैकी गुण. रिकी विल्यम्सने आदल्या वर्षी कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली होती. ६,२७९ यार्डांचा कॉलेज कारकिर्दीचा विक्रम नावावर होता. वर्तमानपत्रं, चाहते, जाणकार, सगळे गृहीत धरून बसले होते की कोल्ट्स विल्यम्सच घेणार. एजरिन जेम्सचं नाव त्या मानाने लहान. फ्लोरिडातल्या इमॉकली या शेतमजुरांच्या गावचा मुलगा. डिसेंबर १९९८मध्ये बलाढ्य यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध एकाच सामन्यात २९९ यार्ड धावला, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. सोन्याचे दात, लांब जटा. आणि हे बघून लोक त्याच्याविषयी काय काय ठरवून मोकळे झाले होते.

कोल्ट्सने नाव बाजूला ठेवून काम पाहिलं. हे काम काय असतं ते एका प्रसंगातून सांगतो, कारण आकडेवारीत ते दिसत नाही.

तिसरी चाल आहे, चेंडू आपल्याकडे राखायला आणखी सात यार्ड हवेत. सगळ्या स्टेडियमला ठाऊक आहे की पास येणार. मॅनिंग पुढच्या फळीपाशी येतो, बोटाने कोणा एका लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या गड्याकडे, दाखवतो, ओरडतो, मागे वळून पुन्हा ओरडतो. त्याच्या बाजूला, दोन पावलं मागे, रनिंग बॅक गुडघ्यात किंचित वाकून उभा आहे. चेंडू हलतो. आता त्याच्याकडे एक सेकंदही नाही. समोरच्या सात-आठ जणांपैकी कोण अंगावर चाल करून येतोय? दोघे आले तर नियम एकच: आतला आधी, बाहेरचा नंतर, कारण आतून येणाऱ्याची क्वार्टरबॅकपर्यंतची वाट सर्वांत जवळची. ११० किलोचा माणूस धावत येतोय आणि तुम्हाला त्याच्या छातीत शिरायचं आहे, तेही खांदे वळू न देता. इथे टाळ्या मिळत नाहीत. जमलं तर मॅनिंगला अर्धा सेकंद जास्त मिळतो आणि पास झेलणारा मार्विन हॅरिसन मैदानाच्या कडेला मोकळा होतो. नाही जमलं तर मॅनिंग पाठीवर आडवा.

जेम्स हे काम मायामीतच शिकून आला होता, आणि वरून पासही झेलायचा. विल्यम्सची ताकद चेंडू घेऊन सरळ घुसण्यात होती. कोल्ट्सला हवा होता मॅनिंगच्या आक्रमणात फॉकची जागा सर्व अर्थांनी भरणारा गडी. तिन्ही चालींना मैदानात राहणारा, ज्याच्या असण्या-नसण्यावरून समोरच्याला पास की धाव ओळखता येणार नाही असा.

शनिवार, १७ एप्रिल, न्यूयॉर्क. पहिले तीन क्रमांक तीन क्वार्टरबॅकना गेले: टिम काउच, डॉनव्हन मॅकनॅब, अकिली स्मिथ. चौथ्यावर कोल्ट्सने जेम्सचं नाव दिलं आणि इंडियानापोलिसमध्ये संताप उसळला. दोन दिवसांत फॉकही गेला आणि विल्यम्सही हातचा सोडला, अशी लोकांची भावना होती.

पाचव्या क्रमांकावर वॉशिंग्टन होतं, आणि डिटका यांना अखेर विकणारा मिळाला. सेंट्सने त्या वर्षीच्या आपल्या सहाच्या सहा निवडी दिल्या, शिवाय २००० सालची पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची निवड. तक्त्यावर पाहिलं तर १९९९च्या सहा निवडींची बेरीजच साधारण साडेपंधराशे होते आणि पाचव्या क्रमांकाची किंमत १,७००. म्हणजे किंमत जवळपास फिटलीच होती; पुढच्या वर्षीची पहिली फेरी वरून दिली गेली. सेंट्स त्या हंगामात ३-१३ गेले, त्यामुळे ती निवड संपूर्ण ड्राफ्टमधली दुसरी ठरली. एकटीचेच २,६०० गुण. वॉशिंग्टनने त्यावर लाव्हार अॅरिंग्टन हा लाइनबॅकर घेतला, आणि १९९९मध्ये हातात आलेल्या निवडी फिरवून त्याच दिवशी सातव्या क्रमांकावर चॅम्प बेलीही पदरात पाडून घेतला. कोल्ट्सला दोन दिवसांपूर्वी जे करता आलं असतं ते हेच होतं.

लगेचचा निकाल

१९९९मध्ये जेम्स ३६९ वेळा चेंडू घेऊन धावला, १,५५३ यार्ड काढले आणि लीगमध्ये पहिला आला. नवख्याने पहिल्याच वर्षी. शिवाय ६२ झेल. मॅनिंग त्या हंगामात फक्त १४ वेळा आडवा झाला. आदल्या वर्षी २२ वेळा झाला होता. कोल्ट्स ३-१३ वरून १३-३ वर गेले. त्या संघाची एक चाल मला अजून डोळ्यांसमोर दिसते: चेंडू घेतल्यावर मॅनिंग हात पूर्ण लांबवत कडेकडे पळतो, सगळी फळी एकाच दिशेला सरकते, जेम्स तिच्यामागून घाई न करता चालत-पळत येतो, फट दिसली की एकच पाय रोवतो आणि वर घुसतो. पुढच्या वेळी तोच लांबवलेला हात, तीच सरकणारी फळी, पण चेंडू मॅनिंगच्या कुशीतच राहतो आणि हॅरिसन पन्नास यार्डांवर मोकळा. जेम्सशिवाय ही फसवणूक कोणी खरी मानली नसती. २००० साली त्याने १,७०९ यार्ड काढून पुन्हा पहिला क्रमांक घेतला.

विल्यम्सने सेंट्सकडे पहिल्या वर्षी ८८४ यार्ड काढले, दुखापतींनी चार सामने गेले, हंगाम संपताच डिटका यांची नोकरी गेली. विल्यम्स वाईट खेळाडू मुळीच नव्हता. २००२ साली मायामी डॉल्फिन्सकडून तो १,८५३ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. त्याच्यासाठी मोजलेली किंमत कोणाही एका माणसाला फेडता आली नसती, आणि तिचं ओझं एकवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता फॉक. १९९९मध्ये रॅम्सकडून १,३८१ यार्ड धावून आणि १,०४८ झेलून, एकूण २,४२९. तेव्हाचा लीगचा विक्रम. रॅम्स ४-१२ वरून १३-३ वर गेले आणि ३० जानेवारी २००० रोजी टेनेसी टायटन्सला २३-१६ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. त्याच टायटन्सने कोल्ट्सला दोन आठवडे आधी १९-१६ असं घरच्या मैदानावर गारद केलं होतं. पुढच्या वर्षी फॉक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सलग चार हंगाम दोन हजारांवर यार्ड, ज्यातला पहिला कोल्ट्सचा आणि बाकीचे तीन त्यांनी ५८० गुणांना विकलेले.

त्या दोन निवडींतून कोल्ट्सला लाइनबॅकर माइक पीटरसन आणि डिफेन्सिव्ह एंड ब्रॅड शिओली मिळाले. दोघेही उपयोगी पडले, पीटरसन तर चांगलाच. तरीही हा सौदा बरोबरीचा होता असं कोणी म्हणणार नाही.

बिल २००१ साली आलं

जेम्सने पहिल्या दोन हंगामांत झेल धरून आठशेहून जास्त वेळा चेंडू हाताळला होता. ऑक्टोबर २००१मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सहा सामन्यांत ६६२ यार्डांवर हंगाम संपला. त्याच्या जागी डॉमिनिक ऱ्होड्स आला, ज्याला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडलं नव्हतं. त्याने त्या हंगामात १,१०४ यार्ड काढले. ड्राफ्टबाहेरच्या नवख्याने हजाराचा आकडा ओलांडण्याची लीगच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

या एका आकड्याने मला बरंच विचारात पाडलं. ज्या आक्रमणात मॅनिंग आहे, हॅरिसन आहे आणि पुढची फळी भक्कम आहे, तिथे फुकट आलेला मुलगाही हजार यार्ड काढू शकतो. मग चौथा क्रमांक रनिंग बॅकवर का घालवायचा? पण ऱ्होड्सच्या यार्डांनी सामने जिंकले नाहीत. कोल्ट्स ६-१० गेले, आणि बचावाने तब्बल ४८६ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत जास्त. १९९८चं जुनं दुखणं तीन वर्षांनी तसंच उभं होतं. १९९९मध्ये चॅड ब्रॅट्झके, कॉर्नेलियस बेनेट असे अनुभवी बचावपटू बाहेरून आणून ठिगळं लावली होती. ती टिकली नाहीत. हंगाम संपल्यावर प्रशिक्षक जिम मोरा यांना जावं लागलं आणि बचावाचे जाणकार टोनी डंगी आले.

माझं मत एवढ्यावर ठरतं. शनिवारी उरलेल्या पर्यायांत जेम्स हीच सर्वोत्तम निवड होती, निर्विवाद. गुरुवारची विक्री मात्र घाईची होती. फॉकची नाराजी सांभाळत दोन दिवस थांबलं असतं, तर शनिवारी घड्याळ चालू असताना डिटका यांचा फोन पोलियन यांच्या टेबलावर वाजला असता. फॉक, मॅनिंग, हॅरिसन आणि वर बचावासाठी बारावी निवड, पुढच्या वर्षीची दुसरी निवड. जेम्स मिळाला नसता, हे खरं. आणि फॉक शिबिराला आलाच नसता तर हा सगळा डाव कोसळला असता, हेही तितकंच खरं. पोलियन यांना ज्याची भीती होती ते हेच होतं, आणि त्या खोलीत ते होते, मी नव्हतो.

गुडघ्यानंतर जेम्स पहिल्यासारखा सुसाट राहिला नाही, पण शहाणा झाला. २००४ आणि २००५मध्ये पुन्हा दीड हजारांवर यार्ड. २००६च्या वसंतात त्याचा करार संपला. वय २७, सात हंगामांची झीज, आणि हातात मोठ्या कराराची शेवटची संधी. सात वर्षांपूर्वी फॉक जिथे उभा होता तिथेच. यावेळी कोल्ट्सने ना भांडण होऊ दिलं ना सौदा केला. त्याला ॲरिझोनाला जाऊ दिलं आणि ड्राफ्टमध्ये ३०व्या क्रमांकावर लुइझियाना स्टेटचा जोसेफ अदाई घेतला. तो आणि ऱ्होड्स, दोघांत काम वाटून दिलं. ४ फेब्रुवारी २००७ला मायामीच्या धो धो पावसात ऱ्होड्स ११३ यार्ड धावला, अदाई ७७ धावून वर दहा पास झेलला, आणि कोल्ट्सने शिकागो बेअर्सला २९-१७ असं हरवून सुपर बोल जिंकला. एजरिन जेम्स त्या संघात नव्हता. मालक जिम अर्से यांनी त्याच्यासाठीही विजेतेपदाची एक अंगठी पाठवली.